फुल्यांची चौकट

देवपूर, २१ फेब्रुवारी १९८९, मंगळवार

नशिराबादहून होकार आला. माझ्याच टायपिंगने माझा घात केला! लग्नाच्या बायोडाटाभोवती फुल्या, कंस आणि शून्यं ठोकून मीच ती वेलबुट्टीची चौकट काढली. क्लासच्या मशीनवर दोन दुपारी घालवल्या. वाटलं होतं, त्यामुळे 'टायपिंगची परीक्षा देत आहे' ही ओळ कुणाच्या तरी नजरेत भरेल. ती कुणी वाचलीच नाही. मुलाच्या आईंनी फुल्यांवरून बोट फिरवलं आणि त्या म्हणाल्या, "हातात कला आहे पोरीच्या. रांगोळी छान काढत असेल."

आता लग्न परीक्षेच्या आधीच. आई म्हणते, परीक्षा हवी कशाला?

कसली हौस आली होती मला? साधा कागद टाइप केला असता तर तो कपाटावर पडून राहिला असता आणि मी परीक्षेला बसले असते.

संध्याकाळी नाना, माझे वडील, कोरे कागद घेऊनच आले. "नक्षी बठ्ठास्ले आवडनी. आते शोभानी बी अशीच कर." सगळ्यांना आवडली म्हणून आता शोभाच्या बायोडाटालाही तीच चौकट!

शोभा, माझी धाकटी बहीण, अजून बारावीत आहे. मी नाही म्हणायला हवं होतं. तरी कागद ठेवून घेतले.

नाना गेल्यावर शोभा लाजत जवळ आली, स्वतःच्या चौकटीबद्दल सांगायला. "अक्का, मनी चौकटले जास्त फुल्या टाकजो हां."