नऊ दिवसांचा खंड्या

६ एप्रिल, रविवार

पाठ खाजतेय. खाजवायची नाही! चाळीस जणांना रोज हेच सांगते — खपली आपोआप पडू द्या, नख लावू नका — आणि आज मीच दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी. आई म्हणाली, "म्हशीवानी काय घासतेस गो?"

ग्रुपवर आज तीन नवे टॅटू आले. 'शाई मंडळ, शहापूर-मुरबाड'. नाव माझं, ॲडमिन मी, आणि नियम दोनच — पहिल्या दिवशीचा फोटो टाकायचा, आणि महिन्याने हील झाल्यावरचा. पहिल्या दिवशी सगळेच टॅटू सुंदर दिसतात. काम कसं झालंय ते महिन्याने कळतं. रत्नदीप मास्तरांनी पोटरीवर हत्ती काढून घेतलाय! सोंड गुडघ्यामागे वळवली आहे, पाय दुमडला की हत्ती पाणी पितोय असं वाटतं. खूप हसले. मग नेहाने विचारलं, "श्वेता, तुझा उंबर कधी पुरा होणार? पाठीचा फोटो टाक ना."

लिहिलं — पुढच्या सिटिंगला.

पुढची सिटिंग नाही. हे इथे लिहायला काय हरकत आहे? नाही. नाही. नाही.

८ एप्रिल

आज त्याला फोन केला नाही. शाबास, श्वेता.

१० एप्रिल, गुरुवार

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

१६ मार्च. मुरबाडला भगीरथची खोली, मोबाइलच्या दुकानामागे. मी पालथी. तीन तास सुई चालू. खोड झालं, फांद्या झाल्या, खोडाला बिलगलेली उंबरं झाली. पुढच्या वेळी पानं, आणि सगळ्यात शेवटी एका फांदीवर खंड्या — निळा, चोच खाली, पाण्याकडे बघत बसलेला. उंबरमाळीला ओढ्याकाठी आम्ही बघितलेला तो. सहा वर्षांपूर्वी. तेव्हाच ठरलं होतं, हा माझ्या पाठीवर येणार.

मशीन थांबली. मला वाटलं, शाई बदलतोय. तर म्हणाला, "साखरपुडा ठरलाय माझा."

माझ्या पाठीला सांगितलं त्याने! तोंड बघायची हिंमत नव्हती म्हणून मी पालथी पडेपर्यंत थांबला. आधी तीन तास काम केलं आणि मग सांगितलं. मी उठूसुद्धा शकत नव्हते, अंगावर कपडा नव्हता.

"आमच्यात नाय चालत गो. घरचे मुलगी बघून आले. मी काय करू?"

मी म्हटलं, सहा वर्षं चाललं तेव्हा आपण कोणाच्यात होतो?

त्याने पाठ पुसली, मलम लावलं, प्लास्टिक चिकटवलं. नेहमीसारखं, हलक्या हाताने. तेच सहन होत नाही. हात तरी जड करायचा होता.

माझ्या अंगावर चार टॅटू, चारही त्याचे. आणि पाठीवरचा हा उंबर मला दिसतसुद्धा नाही. त्याने काढलेल्या फोटोतच काय तो बघितलाय.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आई पांढऱ्या साडीत, मी पांढऱ्या ड्रेसमध्ये. मिरवणुकीत घामाने ड्रेस पाठीला चिकटला आणि फांद्या दिसायला लागल्या. आईने मागून पदर टाकला. घरी आल्यावर म्हणाली, "माझ्या सासूच्या हातावर गोंदण होतं. पुढं ते सगळं सोडलं आपण. पन हातावरचं कुठं सोडता येतंय? म्हातारी जन्मभर हात झाकत फिरली. आन तू हौसेनं गोंदवून घेतेस, तेबी पाठभर."

मी ड्रेस बदलून आले. मग तिनेच विचारलं, "कोन हाय तो?"

म्हटलं, कोण?

"नको सांगू. भाकरी खा आन रड. उपाशी रडू नको."

माझी आई, गोजाबाई आहे ती. तिच्यापासून काय लपतंय!

२० एप्रिल, रविवार

भगीरथने ग्रुपवर फोटो टाकला. लिहिलंय, "नवीन काम."

एका मुलीचं मनगट. सावळं, नाजूक. साखरपुड्याच्या नव्या बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. आणि मनगटाच्या वर — खंड्या. निळा. चोच खाली.

रत्नदीपने विचारलं, "वहिनी का?" त्यावर भगीरथचे जोडलेले हात. मग बदाम, फुलं, अभिनंदन, नुसता पूर. ॲडमिन म्हणून मलाही काहीतरी लिहावंच लागलं. लिहिलं, "रेषा स्वच्छ आहेत."

खरंच स्वच्छ आहेत. मेल्याचा हात थरथरलाही नाही.

माझा खंड्या होता तो.

२१ एप्रिल

तिलाही ग्रुपवर घेतलं. भगीरथनेच नंबर दिला. नाव रुपा. मी 'स्वागत आहे' लिहिलं.

२८ एप्रिल, सोमवार

आज काय केलं ते लिहिते. लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

दुपारी लॅबमध्ये होते. रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होते. मोबाइल वाजला. ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज.

"ताई, मी रुपा. उद्या माझी हळद हाय. हातावरच्या टॅटूला हळद लावली तर चालंल का? त्याची साल निघते अजून. आजी बोलते, गोंदणाला हळदच लावतात, बरी असते. त्यांना फोन लावला पन उचलत नाय. आमच्याकडं रेंज नाय, टेकडीवर येऊन लिहिते. लवकर सांगा."

उद्या नऊ दिवस होतील. नऊ दिवसांचा टॅटू म्हणजे उघडी कातडी. आमच्याकडे कुणाला खरचटलं की आधी हळद, त्यामुळे ग्रुपवर दर महिन्याला हाच प्रश्न येतो. माझं उत्तर तयार असतं — हळद नको, तेल नको, काही चोळू नका. खपलीबरोबर रंग उपटून येतो. जखम चिघळते. नवरीला तर दहा बायका दहा हातांनी चोळणार.

हे सगळं मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

मी लिहिलं, "लाव. काही होत नाही."

दोन निळ्या खुणा. मग तिचं उत्तर, "थँक्यू ताई." आणि पुढे एक फूल.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी उठल्या उठल्या लिहिलं, "रुपा, हळद लावू नको. काल चुकीचं सांगितलं." एकच खूण. परत लिहिलं. एकच. फोन लावला — संपर्क क्षेत्राच्या बाहेर. टेकडी उतरून घरी गेली होती ती, माझं 'लाव' घेऊन.

भगीरथला फोन केला. दीड महिन्यात पहिल्यांदा. उचलला नाही. त्याच्याही घरी हळदच असणार.

लॅबला कळवलं, येत नाही. पत्रिका त्याच्या स्टेटसवर होती, त्यावरून गाव कळलं. स्कूटी काढली. मुरबाड, तिथून पुढे सिद्धगडाच्या बाजूला, रस्ता संपेपर्यंत. दोन तास लागले. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. त्याच्या नवरीच्या हळदीला जायचं? मी? कोणी बोलावलंय?

पोचले तर मांडवात हळद सुरू झालेली. म्हाताऱ्या गाणी म्हणताहेत. पाटावर ती, कपाळापासून पायापर्यंत पिवळी. आणि हात — कोपरापासून बोटांपर्यंत हळदीचा लेप. खंड्याची चोच तेवढी दिसत होती.

मी काही विचार केला नाही. पिंपातलं तांब्याभर पाणी घेतलं, तिच्यासमोर बसले आणि हात धुवायला लागले.

गाणी थांबली. एक म्हातारी ओरडली, "ए! नवरीची हळद धुवायची नाय गो! कोन तू?" ती रुपाची आजी, रखमी. दोन्ही हात गोंदणाने हिरवे. मी म्हटलं, दवाखान्यातून आलेय, हिच्या हाताला जखम आहे, हळद आत गेली तर पू होईल. लॅबला दवाखाना म्हटलं तर काय मोठं खोटं! आजी बाजूला सरकली.

पाणी ओतत गेले. चोळलं नाही. तीन ठिकाणी खपली सुटली होती, शेपटीचा थोडा रंग हळदीबरोबर आला. पर्समधून कापूस काढला आणि टिपत बसले, एकेक पीस करून. त्याचंच काम ते. त्याची रेष मी डोळे मिटून ओळखेन. आणि माझ्या डोळ्यांतून धार लागली. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, हळद गेली डोळ्यात.

तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "काल मी मुद्दाम खोटं लिहिलं. चुकले गं."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रखमी आजीने माझा हात धरला. माझ्या दंडावर नेच्याचं पान आहे, भगीरथने मला काढून दिलेला पहिला टॅटू. ती बोट फिरवत म्हणाली, "कुनी काढलं गो? बारीक काम हाय. हिच्या खंड्यावानीच." मी म्हटलं, ओळखीचा आहे एक. रुपा माझ्या दंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, जेवून जा."

जेवले नाही. निघताना आजीने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "हळदीला आलेली कोरी जात नाय."

ती हळद गालावर घेऊन दोन तास गाडी चालवली. शहापूरला आले तेव्हा वाळून तडकली होती. आईने दारातच बघितलं. आत जाऊन पाणी तापवलं.

३० एप्रिल

आज लग्न. लॅबमध्ये एकोणीस जणांचं रक्त काढलं. एकाचीही शीर चुकली नाही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सुट्टी होती म्हणून विहारातून परस्पर कल्याणला गेले, टॅटूवाल्याकडे. म्हटलं, पाठीवर पानं भरून द्या. त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, "मस्त हात आहे. कोणाचं काम?" नाव सांगितलं. "मग त्याला एकदा विचारून या. अर्धं काम आम्ही न विचारता हातात घेत नाही."

बरोबर आहे त्याचं. नवीन मेंबरला मीसुद्धा हेच सांगते.

विचारणार नाही. राहू दे बिनपानाचा. मला कुठे दिसतोय!

२५ मे, रविवार

रुपाने ग्रुपवर फोटो टाकला, हील झालेल्या खंड्याचा. मोबाइल जवळ धरून, मोठा करून बघितला. शेपटीजवळ एक ठिपका फिका आहे, बाकी सगळा शाबूत. निळा रंग तर छान बसलाय. रत्नदीपने लिहिलं, "एक नंबर! हळदीत कसा वाचवला?" रुपाने उत्तर दिलं, "श्वेताताईंनी वाचवला." पुन्हा बदाम, पुन्हा फुलं. नेहाचा मेसेज, "ॲडमिन असावी तर अशी!"

लाज वाटली. पण खोटं कशाला लिहू — बरंही वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. 'लाव' लिहिलं ते मीच, पण धावत गेले तेही मीच. पोरीचा हात वाचला. आता ती तिच्या घरी सुखी, मी माझ्या घरी. त्याचं नाव काढायचं नाही. आईला म्हटलं, तुझ्या बघण्यातला कोणी असेल तर सांग. तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि परत लावला.

२७ मे, मंगळवार

रुपाचा मेसेज आलाय. जसा आहे तसा उतरवून ठेवते.

"ताई, माहेरी आलेय. टेकडीवरनं लिहिते. ते बोलले व्हते, तुमी नुसत्या गिऱ्हाईक. तुमी 'लाव' लिवलंत तवा मला काय समजलं नाय. पन तुमी एवढ्या लांब आलात, माझा हात धुताना रडलात, आन तुमच्या दंडावर त्यांचंच काम बघितलं — तवा समजलं. माझा राग नाय तुमच्यावर. हात वाचवलात. पन ताई, एक दिस आधी तुमच्या दोघांचं खरं बोलला असता तर मी लग्नाला नाय बोलले असते. तवा सुटता येत व्हतं. तुमी आलात तवर माझ्या अंगाला हळद लागली व्हती. आमच्यात हळद लागलेली पोर पाटावरनं उठत नाय."