दुखवट्याचं लुगडं

प्रिय आत्या,

काल तुझ्या तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे गेले, मांडव सुटला आणि मी तुला लिहायला बसले. तुला कुठं वाचता येत होतं, म्हणून हसशील. हस! पण कालची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी जरा रागावू दे. इतक्या घाईनं जायचं होतं, तर सखूमावशीचं पुढं काय, हे कुणाला तरी सांगून का नाही गेलीस? घर बाबांच्या नावावर. तुझी राख सावडायच्या आत चुलतकाका म्हणाले, "आता त्या बाईला दिंद्रुडला तिच्या भावाकडं धाडा. हितं तिचं काय हाय?" तेव्हापासून मला तीच काळजी.

खरंच, काय होतं गं तिचं? तू नवऱ्यानं टाकलेली, ती विधवा. त्या दुष्काळात विहिरी आटल्या, सगळं गाव ऊसतोडीला निघालं आणि तुम्ही दोघी मुकादमापुढं जाऊन उभ्या राहिलात. टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार. मुकादम म्हणाला, "दोन बायांचा कोयता कुठं असतोय व्हय?" तू म्हणालीस, "उसाला इचारून ये." जोड्या कमी पडत होत्या, म्हणून घेतलं त्यानं. सहकारी कारखान्याला दोन बायकांचा सहकार पचायला तेवढा दुष्काळ पडावा लागला!

पुढं कितीतरी हंगाम तुम्ही एकच कोयता राहिलात. गावी परतल्यावरही एकच घर, एकच चूल. मग सुरू झाले गावाचे प्रश्न. बाया काळजीनं विचारायच्या, बाप्ये हसून विचारायचे. "दुसरं लगीन कावून न्हाई केलं?" "दोघीच ऱ्हाता, करमतं का?"

मी तरी कुठं मागं होते? बीडच्या कॉलेजातून समाजशास्त्र शिकून आले, ते तुमच्या नात्यासाठी एक छान आधुनिक शब्द घेऊनच. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "रंजे, आमी सांगितलं की त्यो गावाचा इषय झाला. आता हाय त्यो आमचा." सखूमावशी चुलीकडं तोंड करून हसली.

मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं. सत्ता माणसाचं तोंड दाबते, एवढंच मी शिकले होते. ती तोंड उघडायलाही लावते, अंथरुणापर्यंत चौकशी करते, हाती लागेल त्याला नाव देते आणि मग त्याच नावाच्या दाव्याला माणसाला बांधून ठेवते, हे मला तुझ्या चुलीपुढं हळूहळू उमगलं.

पण आत्या, गप्प राहिलेल्या नात्याला हक्क कोण देतं? तू सुटलीस. काल अडकणार होती ती सखूमावशी!

जेवणं झाली आणि दुखवट्याचे आहेर निघाले. बहीण गेली की भावानं पहिला आहेर मेव्हण्याला करायचा, ही आपली रीत. तुझा नवरा कधीचाच परागंदा. सखूमावशी परसात भांडी घासत बसली होती, परक्याच्या घरी कामाला आल्यासारखी. बाबा उठले. आयुष्यभर तिला 'त्या बाई' म्हणणारा तुझा हा भाऊ! तिला हाक मारून त्यांनी पाटावर बसवलं आणि सगळ्यांदेखत तिच्या ओटीत नवं लुगडं ठेवलं.

"आमच्या अक्काचा दुखवटा हाय. पयला तुमचा."

चुलतकाका उसळले, "आरं, ही कुठली रीत म्हनायची?"

"जेवलास न्हवं? मंग निघ आता. सखूबाई हितंच ऱ्हानार."

बस्स! ना नाव, ना खुलासा. तू गेल्यापासून एक टिपूस न काढलेली सखूमावशी लुगडं उराशी धरून मोठ्यानं रडली, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आत्या, शब्द देते. तिला मी काही विचारणार नाही, कुणाला विचारू देणार नाही. तिला आपणहून बोलावंसं वाटलं, तर जवळ बसून ऐकेन.

आज सकाळी ती नवं लुगडं नेसून चुलीपुढं बसली. सवयीनं दोघींच्या भाकरी थापल्या. तुझ्या वाटच्या मी खाल्ल्या.

तुझीच आगाऊ भाची,
रंजी