शेवट मी आधी वाचला

६ ऑक्टो. २००९, गोरेगाव
मालाने वाचनालयातून कादंबरी आणली. दोन बाया एकमेकींच्या प्रेमात. असलं पुस्तक या आडगावात कुणी मागवलं, देव जाणे. तेव्हापासून आमच्या दोघींच्या भाड्याच्या खोलीत तिसरी बाई राहते, सुलभा. माला भाजी निवडते नि सुलभाचंच सांगते. तिचे केस असे, ती बोलते अशी. आज नवी साडी नेसून शाळेत शिकवायला गेले, मालाला दिसलीसुद्धा नाही. जळते मी. पुस्तकातल्या बाईवर!

९ ऑक्टो.
माला शिकवणी घ्यायला गेली होती, तेवढ्यात शेवटची पानं वाचली. सुलभा लग्न करून जाते. दुसरी तलावात जीव देते. रडले. मग त्या मेलेल्या बाईचाही हेवा वाटला. निदान सुलभा तिला एकदा तरी ‘माझी’ म्हणाली होती. मला कुणी…

१३ ऑक्टो.
मालाच्या बाबांचा फोन. दिवाळीनंतर त्यांच्या गावची, केशोरीची मंडई, म्हणजे जत्रा; तिला आमगावचे पाहुणे येणार. मंडईच्या निमित्ताने येतात नि पोरगी बघून जातात, आमच्याकडे निम्मी लग्नं अशीच जमतात. पोराचं खताचं दुकान. मोटरसायकल आहे म्हणे. असेल.
वरणाला फोडणी देता देता माला म्हणाली, "तुले तं शेवट पयले वाचायची सवय. सांग ना वं, मिळतात का दोघी?"
"मिळतात."
"खरंच?"
"हो. एकत्र राहतात."
केवढी हसली. म्हणे, "मंग मी बाबाले ‘नाही’ म्हणून सांगून देतो." कुणासाठी, ते बोलली नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

१५ ऑक्टो.
सुट्टी लागली. माला केशोरीला गेली. "पुस्तक ठेव, मी परत करते," म्हटलं. ऐकलं नाही, थोडंच राहिलंय म्हणाली. एसटी सुटेपर्यंत तिच्या पिशवीतल्या पुस्तकाकडेच बघत होते.

२४ ऑक्टो.
फोन आला. मागे मंडईचा भोंगा.
"पाहुण्याईले नाही म्हणलं. बाबा बोलून नाही राहिले माझ्याशी." मग, "आज शेवट वाचला. खोटी काऊन बोलली वं?"
तूही सुलभासारखी लग्न करून जाशील म्हणून, म्हटलं.
मग म्हणाली, "पुस्तकाचं राहू दे. आपलं सांग."
"तू ये आधी."
"पाहतो," म्हणाली नि ठेवला.
आमगाववाले अजून थांबायला तयार आहेत म्हणे. थांबा मेल्यांनो. मी तुमच्या आधीपासून थांबले आहे.