आ करा आणि बोला

३ एप्रिल

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. खाडा नाही.

निमित्त मोठं आहे. पोरीची दहावीची परीक्षा संपली आणि जेवताना विषय निघाला, सायन्स की आर्ट्स? माझं मत सकाळी सायन्स होतं, दुपारी आर्ट्स झालं. बायको म्हणाली, तिचं तिला ठरवू दे. पोरगी काहीच बोलली नाही. म्हणजे गोंधळलेली आहे. बापाला कळतं.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की निवडायची वेळच येणार नाही. विज्ञान आणि कला वेगळ्या केल्या हाच मूळ घोटाळा आहे. कॉलेज सुरू व्हायच्या आत दोन्ही एकत्र आणून दाखवतो. बायकोने विचारलं, कसं? म्हटलं, तज्ज्ञांशी संवाद साधून. तिने विचारलं, तज्ज्ञ तुझ्याशी का बोलतील?

इथेच लोक कमी पडतात. मी दातांचा डॉक्टर. तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी त्याला दात असतात, आणि ते कधी ना कधी किडतात. माझ्या खुर्चीवरून कुणी उठून जात नाही.

खालची उजवी दाढ थोडी ठणकते आहे. गार पाण्यामुळे असेल.

७ एप्रिल

मधले दिवस तयारीत गेले. तयारी म्हणजे मनात.

आज पहिला संवाद. वेधशाळेतून रिटायर झालेले खगोलशास्त्रज्ञ, रूट कॅनलची पहिली सिटिंग. तोंडात दोन्ही बाजूंना कापूस लावला, थुंकी ओढणारी सक्शनची नळी अडकवली आणि थेट विषयाला हात घातला. म्हटलं, सर, अख्खं विश्व ही एक मैफलच आहे ना? ते म्हणाले, अं. एका अक्षरात! मोठी माणसं कमी बोलतात ती अशी. मग मी विचारलं, विश्वाच्या आधी शांतता होती की सूर? त्यावर त्यांनी हात वर केला, थेट छताकडे, आणि दोनदा अं अं म्हणाले. दुसरा अं जरा वरच्या पट्टीत होता. म्हणजे सूर.

आमचं क्लिनिक एकच, खुर्च्या दोन. पार्टिशनपलीकडे बायकोची खुर्ची. तीही डेंटिस्ट, माझ्याच बॅचची. तिथून ती म्हणाली, अरे, आधी त्यांना चूळ भरू दे, मग विचार. तिला शास्त्र येतं, पण संवादाची नजर नाही.

१५ एप्रिल

नशीब असावं तर असं. एक बासरीवादक जिन्यावरून पडला आणि त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. (त्याच्या दृष्टीने वाईट.) केस बायकोकडे गेली, पण मी माझं स्टूल घेऊन शेजारी जाऊन बसलो. कॅपसाठी माप घ्यायचं होतं. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे त्याच्या तोंडात. मी विचारलं, तुमची फुंकर म्हणजे हवेचा दाब आहे की आत्म्याचा? त्याचे डोळे पाण्याने भरले. इतका हळवा कलावंत मी पाहिला नव्हता.

बायकोने मला बाजूला सारून ट्रे काढला. म्हणाली, लगदा घशात उतरत होता. असेलही. पण अश्रू खरे होते.

२२ एप्रिल

मोठी बातमी. वाचनालयाचा हॉल मिळाला! चिटणीस दात साफ करायला आले होते. मी विचारलं, विज्ञान आणि कलेवर दर महिन्याला एक महासंवाद ठेवूया का, सूत्रसंचालक मी? ते अं म्हणाले. मी लगेच अभिनंदन केलं. चूळ भरल्यावर त्यांनी थोडा खुलासा केला, की सध्या एकच कार्यक्रम करू, बघू कसा होतो. तपशिलाचा फरक. तत्त्वतः होकार आहे. २४ मे ठरली. वक्ते दोन, शास्त्रज्ञ आणि बासरीवाला.

घरी सांगितलं. पोरीने विचारलं, तिकीट किती? खुर्च्या किती? उशिरा येणाऱ्यांना कुठे बसवणार? मी कपाळाला हात लावला. बाप विश्वाचा सूर पकडतोय आणि पोरगी खुर्च्या मोजतेय! महासंवादाची सर्वांत जास्त गरज हिलाच आहे. दारावरची व्यवस्था तिच्याकडे सोपवली, निदान हॉलमध्ये तरी राहील.

व्यायाम उद्यापासून. स्टेजवर पोट दिसतं.

२९ एप्रिल

वाया गेलेला दिवस.

दोन्ही तज्ज्ञ एकाच वेळी आले. मी बाहेर डोकावलो तर दोघं वेटिंग रूममध्ये गप्पा मारत होते! शास्त्रज्ञ काहीतरी गुणगुणत होते आणि बासरीवाला मासिकाच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढून त्यांना दाखवत होता. मी ताबडतोब थांबवलं. म्हटलं, सगळं आत्ताच बोलून टाकलंत तर २४ तारखेला काय उरणार? शास्त्रज्ञांना आत घेतलं, कापूस भरला.

पण बोलायला मिळालं तर शपथ. पलीकडे बायको कॅप पक्की बसवण्याआधी बासरीवाल्याला वाजवायला सांगत होती. तो फुंकणार, सूर फुसफुसणार. ती कॅप काढून केसभर घासणार, परत लावणार. परत फुंक. परत फुस्स. मी इकडे कृष्णविवर आणि करुणरस यांच्या नात्याबद्दल विचारत होतो तर शास्त्रज्ञांनी चक्क हात करून मला गप्प केलं. आ वासलेला आणि कान तिकडे. शेवटी एकदाचा सूर स्वच्छ निघाला. अगदी लख्ख. शास्त्रज्ञांनी आडवं पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. बायको हसली. कॉलेजात हसायची तशी. बरं वाटलं, नाही असं नाही.

पण माझ्या हाती एकही मुद्दा लागला नाही. विज्ञान आणि कला एकत्र यायची तर असा वेळ घालवून चालणार नाही.

८ मे

प्रास्ताविक लिहून झालं. भरगच्च आहे. आज घरच्यांना वाचून दाखवलं. पोरगी तल्लीन होऊन डोळे मिटून ऐकत होती, मान खाली. बायकोने विचारलं, यात तज्ज्ञ कधी बोलणार? म्हटलं, शेवटच्या पानावर जागा सोडली आहे.

दाढ रात्रंदिवस ठणकते आहे. बायको म्हणाली, ये, आ कर, बघू दे. मी नकार दिला. दातांच्या डॉक्टरने दुसऱ्यापुढे आ करायचा म्हणजे न्हाव्याने दुसऱ्या सलूनमध्ये जाण्यासारखं आहे. बायको म्हणाली, न्हावी तेच करतात. मी मिठाच्या गुळण्या करायला उठलो. दुखत होतं म्हणून.

२३ मे

व्यायाम राहिला. उभं न राहता बसून बोलायचं ठरवलं, पोट टेबलामागे जाईल.

गालावर किंचित सूज. डाव्या बाजूने फोटो काढायला सांगायचं.

२४ मे, कार्यक्रमानंतर

शांतपणे लिहितो आहे. घडलं ते सगळं नीट समजून घ्यायला हवं.

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, पण पोरीने बाजूच्या शाळेतून बाकं आणवून ठेवली होती. आलेले बहुतेक आमचेच पेशंट. प्रास्ताविक जोरात सुरू होतं. मी सांगितलं की विश्व ही मैफल आहे हे आपल्या शास्त्रज्ञांनी माझ्याशी बोलताना मान्य केलं आहे. ते अगदी नम्रपणे म्हणाले, मी असं कधी म्हणालो नाही. मी म्हटलं, सात एप्रिलला. ते म्हणाले, सात एप्रिलला मी सांगत होतो की भूल चढलेली नाही.

लोक हसले. मी बासरीवाल्याकडे वळलो. आत्म्याच्या दाबाबद्दल तो इतका हेलावला होता, तो तरी बाजू घेईल. तो म्हणाला, डॉक्टर, मी म्हणत होतो ट्रे काढा.

मग मात्र सगळा हॉलच उठला. बेकरीवाला म्हणाला, मला पावाच्या आकारातलं सौंदर्य विचारलं होतं, मी सांगत होतो दिवा डोळ्यांत जातोय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मी तर घरी जायची परवानगी मागत होते. एकेक जण उभा राहून आपापला अं समजावून सांगायला लागला. लोक पोट धरून हसत होते. इतके दात एकाच वेळी मी करिअरमध्ये पाहिले नाहीत.

मी सडेतोड उत्तर देणारच होतो. तोंड उघडलं आणि दाढेतून अशी कळ गेली की जबडा जागीच अडकला. गाल धरून खाली बसलो.

त्यानंतर ते दोघंच बोलत राहिले. शास्त्रज्ञ म्हणाले, मैफल वगैरे माहीत नाही, पण तारे थरथरतात. मोठा तारा सावकाश, लहान भरभर. त्या थरथरण्यावरून त्याच्या पोटात काय आहे ते ओळखता येतं. बासरीवाला म्हणाला, म्हणजे आमच्यासारखंच, लांब बासरी खर्जात, आखूड वरच्या सुरात. त्याने वाजवून दाखवलं. शास्त्रज्ञांनी विचारलं, दात तुटल्यावर सूर नक्की कुठे गळत होता? तो म्हणाला, ते डॉक्टरीणबाईंना विचारा. मग बायकोला स्टेजवर बोलावलं. तिने फळ्यावर ओठ, दात आणि हवेची वाट काढून दाखवली. लहान मुलं पुढे येऊन जमिनीवर बसली. हॉल बंद करायची वेळ झाली तरी कुणी हलेना.

बायको इतकं छान बोलते हे मला माहीत नव्हतं. मी शेजारी बसून ऐकलं. ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

२५ मे

विचारांती लक्षात आलं की काल मी मौन हे तंत्र वापरलं. उत्तम सूत्रसंचालक स्वतःला पुसून टाकतो. हे सगळ्यांना जमत नाही.

पेपरात फोटो आला. शास्त्रज्ञ, बासरीवाला, बायको. कडेला माझं कोपर आहे. चिटणिसांचा फोन आला, दर महिन्याला करूया म्हणाले. तुम्ही असेच बसाल ना, असं दोनदा विचारलं. माझ्या नुसत्या बसण्याचीही किंमत लोकांना कळली.

गोळ्यांनी सूज उतरते आहे. दाढेचा निर्णय पुढे ढकलला.

१० जून

रिझल्ट लागला. पोरीने झकास मार्क मिळवले. ऊर भरून आला. आता विज्ञान आणि कला दोन्ही एकत्र आणून झालेली आहेत, तेव्हा उद्या पोरीला समोर बसवून सविस्तर मार्गदर्शन. मुद्दे काढले आहेत: सायन्स घे, सोबत चित्रकला. किंवा आर्ट्स घे, सोबत दुर्बीण. तिचं मत विचारायलाही शेवटी थोडी जागा ठेवली आहे.

११ जून

सकाळी दाढेने हात टेकायला लावले. बायकोच्या खुर्चीवर झोपलो. वीस वर्षांत पहिल्यांदा ते छत खालून पाहिलं. एक जळमट आहे.

भूल, कापूस, सक्शन. तेवढ्यात पोरगी आली आणि माझ्याच स्टुलावर बसली. म्हणाली, बाबा, फॉर्म भरायच्या आधी तुम्हाला विचारायला आले. मी कॉमर्स घेऊ ना?

मी हात वर केला.

ती म्हणाली, त्या दिवशी स्टेजवर तुमचं विज्ञान होतं, कला होती, सगळं होतं. पण मला मजा आली ती दारावर. किती माणसं येणार, कुणाला कुठे बसवायचं, हॉल किती वेळ पुरणार. ते नीट जमलं म्हणून बाकीचं झालं, असं मला वाटलं. मला तेच शिकायचंय. चालेल ना?

मी म्हणालो, अं अं. दुसरा अं मुद्दाम वरच्या पट्टीत.

थँक यू बाबा, म्हणाली, आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवून पळाली. बायको मास्कच्या आड होती, पण खांदे हलत होते. मग तिने दाढ काढली. हात फार हलका आहे तिचा.

संध्याकाळ. भूल उतरली. काय काय बोलायचं ते सगळं तयार केलं. पोरगी ॲडमिशनचा फॉर्म भरूनच परत आली, हातात आइसक्रीमचा डबा. दाढ काढल्यावर थंड खावं, असं आम्हीच पेशंटना सांगतो. चेहरा असा फुलला होता तिचा की दहा मार्कशीट फिक्या पडाव्यात. खाल्लं.

बायकोने विचारलं, नाराज आहेस का रे? तोंडात आइसक्रीम होतं. अं म्हणालो.