वरच्या मजल्यावरचं तळं

सोमवार, ६ तारीख
फ्लॉवर शोमध्ये यंदा कुंड्यांची रांग लावायची नाही. वरच्या हॉलमध्ये अख्खं लँडस्केप: डोंगर, जंगल, मधोमध तळं. फर्स्ट प्राइझ ठरलेलंच.
बायको खालच्या हॉलमध्ये, माझ्या बरोबर खाली. तिचं लँडस्केप एका ट्रेमध्ये: शेवाळाचा उतार आणि बुटका उंबर. मुलगी परदेशी गेली त्या वर्षी लावलेला. त्याच्याशी ती बोलतेही. मी प्रेमाने सांगितलं, याला ट्रे म्हणतात. तिने विचारलं, तळ्याखाली प्लास्टिक घालणार ना? मी म्हणालो, निसर्गात कुठे प्लास्टिक असतं? चिकणमाती पुरे.

मंगळवार
तळं भरलं. संध्याकाळी पाणी चार बोटं खाली. झाडं पाणी पितायत, चांगलं लक्षण. पुन्हा भरलं.

बुधवार
बायको म्हणते, तिच्या टेबलावरच्या छताला ओल आलीय. सकाळी बशीएवढी होती, दुपारी परातीएवढी. जुन्या इमारतीला ओल यायचीच. तिला टेबल हलवायचं होतं. शोच्या सेक्रेटरीने माझं मत विचारलं. म्हणालो, रांग बिघडेल. नवरा म्हणून नाही, तटस्थपणे.
रात्री ती अर्ध्या ताटावरून उठली. जजेसचं टेन्शन असावं.

गुरुवार, सायंकाळी ६
डोंगराजवळची जमीन पायाखाली मऊ लागते. अगदी खऱ्या जंगलासारखी. हे मी मुद्दाम केलेलं नाही, पण श्रेय घ्यायला हरकत नाही.
खालून टप टप आवाज येतो. वातावरणनिर्मिती छान होते.
सेक्रेटरी म्हणाला, तळं आजच उपसा. उद्या जजिंग झाल्यावर उपसतो म्हटलं. लेव्हल टिकावी म्हणून नळ बारीक सोडून ठेवला.

शुक्रवार
तळं कोरडं.
खाली जायचं नव्हतं. गेलो. छताचा मोठा तुकडा तिच्या टेबलावर पडलेला. ती तेव्हा चहाला गेली होती, हे बरं. ट्रेचे दोन तुकडे, उंबर मधोमध मोडलेला. जजेसनी विचारलं, वर कुणाचं लँडस्केप आहे? मी म्हणालो, इमारत जुनी आहे.
बायको जमिनीवर बसून मुळांवरचा चुना फुंकत होती. मी शेजारी बसलो, हात पुढे केला. हळूच म्हणाली, नको, तुम्ही नका लावू हात.

दुपारी
एकट्याने डोंगर उपसला. फावडं ठेवायला माझ्या सामानाची पिशवी उघडली. तळाशी प्लास्टिकचा कागद. तळ्याच्या मापाने कापलेला, घडी घातलेला. कडेला तिची सेफ्टी पिन.