अण्णांच्या खोलीचं पॉलिश

३ डिसेंबर

अजून चिकटतंय! उठल्या उठल्या खोलीत गेले, कोपऱ्यात बोट टेकवलं — ठसा उमटला. शनिवारी मारलेला पॉलिशचा हात. डब्यावर लिहिलंय, चार तासांत वाळतं. कुणाचे चार तास, देव जाणे.

बिरदेव मिस्त्री म्हणतो, "थंडी लय हाय ताई, जरा दम धरा." दम कसा धरू? अण्णांचं पंधराचं तिकीट आहे, त्रिशूर ते मिरज. यावेळी कायमचे येतायत. तीस वर्षं माझ्या बापाने गलाईच्या दुकानात सोनं गाळताना ॲसिडचा धूर छातीत घेतला, आता जिना चढवत नाही. डॉक्टरांनी बजावलंय — धूर नको, थिनर नको, रंगाचा वास नको. म्हणून तर हे पाण्यावरचं, कमी वासाचं पीयू पॉलिश मी सांगलीत चार दुकानं पालथी घालून शोधलं. आणि फरशीऐवजी लाकडी जमीन का? तर दुकानावरच्या लाकडी माळ्यावर झोपायची सवय. फरशीवर पाय टेकला की गुडघे धरतात त्यांचे. सगळा हट्ट माझा. लॅबमध्ये रजा टाकून विट्यात येऊन बसलेय, ओल्या जमिनीकडे बघत.

४ डिसेंबर

अण्णांचा फोन. "वाळलं का गं प्रांजल?" वाळतंय, म्हटलं. "हितं करमंना बग आता." मग खोकल्याची उबळ. मागून मानसिंगदादा — "अण्णा, लय बोलू नगा." दुकान सोडल्यापासून अण्णा तिथे दादाकडेच राहतायत. माझा चुलतभाऊ असला तरी किती दिवस?

५ डिसेंबर

खिडक्यांवरून भांडण. धूळ बसू नये म्हणून बिरदेवने सगळ्या गच्च लावून ठेवल्या होत्या. पॉलिशच्या कंपनीला फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, हवा खेळती ठेवा, पाणी उडून जायला वाट नको का? बरोबरच आहे की! उघडल्या सगळ्या. पंखा लावला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीची धूळ जमिनीवर चिकटून बसली. वाळलं मात्र काहीच नाही.

बिरदेव नुसता हसला. डोकं फिरलं माझं.

६ डिसेंबर

तसंच.

७ डिसेंबर

बिरदेव म्हणाला, "ताई, ऐका माझं. ह्ये खरवडून थिनरवालं मारतो. एका रातीत खडखडीत हुतंय." मी ओरडलेच. त्या वासात माझ्या बापाला झोपवू? तो म्हणाला, सागवानात मूळचंच तेल असतं, त्यानं पण होत असेल. असेल, नसेल! याला पक्कं काहीच सांगता येत नाही.

आई दारात उभी होती. म्हणाली, "एवढी घाई कशापायी? ऱ्हाऊ देत की त्यास्नी तिकडं आणिक थोडं. मानसिंग बगतोय न्हवं."

ऐकून अंगाची लाही झाली. म्हटलं, तुला काहीच कसं वाटत नाही गं? ते तिकडे खोकून खोकून अर्धे झालेत! ती स्वयंपाकघरात गेली. या खोलीत तिचं शिलाई मशीन असायचं, दुपारी बायका यायच्या ब्लाउज शिवून घ्यायला. मशीन आता जिन्याखाली आहे, त्याचा राग असेल. पण ही काय वेळ आहे का रागाची?

९ डिसेंबर

सापडलं. आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

दाराजवळच्या दोन फळ्या ठणठणीत वाळल्यात. डबा तोच, थंडी तीच, हातही तोच. मग बिरदेवला आठवलं — त्या दोन तडकल्या होत्या म्हणून त्याने पॉलिशच्या आदल्या दिवशी बदलल्या. म्हणजे बाकीच्या फळ्यांना काहीतरी लागलंय. त्याने मधलं थोडं खरवडलं, बोटावर चोळलं, नाकाशी नेलं. "ताई, ह्यात तेल हाय."

मी वास घेतला. करडईचं! आमच्या स्वयंपाकघरातलं.

आईने लपवलंसुद्धा नाही. "म्याच लावलं. नव्या लाकडाला तेल पाजत्यात. चौकटीला न्हाई का लावत?" त्या फळ्या बदलायच्या आधी बिरदेव बहिणीकडे वडूजला गेला होता, मी सांगलीला होते, तेव्हा हिने गुडघ्यावर बसून फळी न् फळी तेलाच्या फडक्याने पुसली! तेलावर पाण्याचं पॉलिश कसं धरणार?

मी नको नको ते बोलले. अडाणी म्हटलं. तुझ्यामुळे ते रस्त्यावर येतील म्हटलं. बिरदेव आईकडे बघत राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. परक्या माणसासमोर आईला असं बोलले मी.

१० डिसेंबर

सकाळपासून मनाला खातंय. अण्णा दिवाळीला यायचे ना, त्याच्या आदल्या दिवशी आई चौकटीला तेल लावायची. दरवर्षी. उंबरा, चौकट, दाराच्या दोन्ही फळ्या. मला वाटायचं सणाची साफसफाई. ती त्यांची वाट बघायची ती तशी. आणि मी तिला अडाणी म्हटलं! लाज वाटते स्वतःची.

जाऊन बोलले तिच्याशी. चुकलं माझं, म्हटलं. मेथी निवडत होती. "आसू दे," म्हणाली. वर बघितलं नाही.

११ डिसेंबर

तोंडाला फडकं बांधून दिवसभर घासणं. बिरदेव मशीन चालवतोय, कडेच्या फळ्या मी काचपेपरने. आता घासून आधी लाखेचा हात मारायचा, लाख खालचं तेल वर येऊ देत नाही म्हणे. लाखेतल्या स्पिरिटचा वास दिवसभरात उडून जातो. मग त्यावर आपलं पीयू, पातळ. हे आधी का नाही सुचलं, असं विचारणार होते. नाही विचारलं. सगळ्यांवर ओरडून झालंय माझं.

आईने दोनदा चहा आणून दिला. खोलीत पाऊल टाकलं नाही.

१२ डिसेंबर

लाख लावली. अंग मोडून आलंय.

१३ डिसेंबर

सकाळी पीयूचा हात. पंखा जमिनीवर नाही, बाहेर तोंड करून. खिडकीला ओलं सुती कापड, म्हणजे हवा येते, धूळ येत नाही. दुपारी अण्णांचा फोन. "बॅग भरली बग. वाळलं का?" उद्या सांगते, म्हटलं. नाही वाळलं तर? हसत म्हणाले, "न्हाई वाळलं तर वसरीत झोपंन की." हे हसले की मला रडू येतं.

१४ डिसेंबर

वाळलं! नखाने ओरखडून बघितलं, तळहात दाबून बघितला. खडखडीत! वास जवळपास नाहीच. बिरदेवला पेढा दिला.

१४ डिसेंबर, दुपार

आईला हाताला धरून खोलीपाशी आणलं. चाल अनवाणी, म्हटलं. ती दारातच थांबली. म्हणाली, "बिरदेवनं पयल्याच दिशी सांगितलं हुतं मला. काकू, तेलाचा हात लागू देऊ नगा, न्हाईतर ह्ये वाळायचंच न्हाई."

मग का लावलंस?

"दिवाळीला बारा दिस पाव्हण्यावानी येत हुतं ते. म्या त्यास्नी वळखत न्हाई गं, प्रांजल. आता रोज हितंच. मला लय भ्या वाटतंया. जरा सवड पायजे हुती."

तेवढ्यात फोन वाजला. अण्णा. ती माझ्याकडे बघत होती. असं कधी बघितलं नव्हतं तिने माझ्याकडे. मी त्या कोरड्या जमिनीवर उभी राहून म्हटलं, अण्णा, अजून ओलंच आहे. तिकीट पुढे ढकला.

तिकडून खोकल्याची उबळ. मग म्हणाले, "बरं. थांबतो."