नीलनं माझं मत विचारलं

प्रिय रणजितदादा,

तुझे दोन्ही मेसेज पोचले. तुझी कंपनी शारजातला कामगारांचा कॅम्प बंद करतेय, आणि आमच्या मालकाशी, नीलशी, मी तुझ्या नोकरीचं बोललो का, एवढंच तू विचारतोयस. बोललो. काय बोललो तेही सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला सरळ रेघ फक्त फरशीची जमते.

इथं टाकानिनीला नवी घरं उठतायत, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. त्यांच्या बाथरूमच्या टाइल्स मी बसवतो. बारीक पाऊस, हाडात शिरणारा ओला गारठा, आणि रविवारी इतकं शांत की आपल्याच खोकल्यानं दचकायला होतं. पहिल्या आठवड्यात रस्त्यावर लोक 'किया ओरा', म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणून हसायचे, तर मी मागं वळून बघायचो की हे कुणाला. शारजाची सवय, दुसरं काय. तिथं कुणी हसलं की समजायचं, आपल्यालाच हसतंय.

शारजातला माझा पहिला दिवस तुला आठवत नसेल. ऑगस्ट होता. विमानतळाच्या दाराबाहेर आलो आणि मोबाइलच्या काचेवर वाफ धरली. गावी पोचल्याचा फोन लावायला ती शर्टानं पुसत बसलो. तू न्यायला आला होतास. आपला जतचा माणूस दिसला म्हणून मला रडायचंच बाकी होतं. उंच काचेच्या इमारती मान मोडून बघत होतो, तोवर गाडी त्यांना मागं टाकून वाळूकडे वळली. कॅम्पातल्या खोलीत खाटांवर खाटा, दोरीवर सगळ्यांच्या बनियनी, आणि एसीची घरघर. तू म्हणालास, आंघोळ करून घे, निळा नळ गार पाण्याचा. उन्हाळ्यात तिथं गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढतं. म्हणून लोक गीझर बंद ठेवतात, आणि त्यात साठून निवलेलं पाणी लाल नळाला येतं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत नव्हतं. पाठ भाजून, ओरडत, टॉवेल धरून बाहेर आलो, तर सगळे दाराशी वाट बघत उभे. तू म्हणालास, या, उकड्या आला.

प्रत्येक नव्या माणसाला निळा नळ दाखवायची तिथली रीतच आहे, हे पुढं कळलं. बाकीच्यांची मजा आठवड्यात विसरली जायची, माझं नाव मात्र चिकटलं. मेसमध्ये उकड्या, साइटवर उकड्या. पेशावरचा फोरमनही अर्थ न कळता उकड्याच म्हणायचा. तू ते गावीही कळवलंस. सुट्टीत अबोलीला बघायला गेलो, तर तिचे काका दारातच म्हणाले, या उकडे. अबोली ओढणीत तोंड लपवून हसली आणि ते स्थळ तिथंच संपलं. तरी तुझ्यावर राग नव्हता, दादा. कोपरा कापायला, सांध्यात ग्राउट भरायला तूच शिकवलंस. माझ्या ताटात वरण तूच आधी वाढायचास.

मग तो हॉटेलच्या लॉबीचा गुरुवार. संध्याकाळी काम मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं. त्या दिवशी कुणी मला उकड्या म्हणालं नाही. धैर्यशील, पाणी पी. धैर्यशील, जरा बस. फोरमननंसुद्धा कुणालातरी विचारून माझं खरं नाव उच्चारलं. मला वाटलं, आज आपण यांच्यातले झालो. दिवसभर शीळ घालत संगमरवर बसवला. लॉबी ताब्यात दिल्यावर तू सांगितलंस की माझी आई पहाटेच गेली, दुपारी अग्नीही दिला. फोन तुझ्याकडे आला होता आणि तू तो सगळ्यांना सांगितला होतास. मला सोडून. 'तू तसाही पोचला नसतास,' असं मला म्हणालास. ते खरंच होतं. पण मी शीळ घालत होतो, दादा, आणि तुम्ही सगळे ती ऐकत होतात.

आता नीलचं. इथं नवा माणूस घ्यायचा असेल तर मालक हाताखालच्या माणसांना विचारतो, याच्यासोबत काम कराल का. परवा स्मोकोला, म्हणजे दहाच्या चहाला, त्यानं तुझा अर्ज पुढं धरला आणि माझं मत विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं. मी म्हटलं, कारागीर एक नंबर आहे, पण मी याच्यासोबत काम करणार नाही. त्यानं कारणसुद्धा विचारलं नाही. स्वीट अ‍ॅज, म्हणजे ठीक आहे, म्हणाला, आणि क्राइस्टचर्चच्या दुसऱ्या एका कारागिराला फोन लावला. मला वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. नुसती भूक लागली. डबा उघडून सगळा खाल्ला.

हे फोनवर कळवता आलं असतं. पण मस्कतच्या कंपनीची भरती या महिनाअखेर बंद होतेय, हे मला ठाऊक आहे, आणि इथलं नक्की समजून तू तिकडे अर्ज केला नाहीस हेही. म्हणून पत्र लिहिलं, साध्या टपालानं टाकतोय. तुला मिळेल तेव्हा तिकडचंही दार लागलेलं असेल. तोवर मेसेज करशीलच. मी उत्तर देईन, 'धीर धर, होईल सगळं.'

तुझाच,
धैर्यशील